सेवाग्रामला जायला नागपूरचा फेरा कशाला?

पोरी,

जर्मनच्या बी1 पातळीच्या परीक्षेची तारीख घेतलीस ते बरं केलंस. तारीख नसली की अभ्यास सोयाबीनच्या सोंगणीनंतर, मग कापसाच्या वेचणीनंतर, असा सरकतच जातो. 'सर, माझं इंग्रजीच कच्चं आहे' हे रडगाणं मात्र आता पुरे. मराठी सोडून इंग्रजीतून जर्मन शिकणं म्हणजे वर्ध्याहून सेवाग्रामला नागपूरमार्गे जाणं.

आपल्याकडे तो, ती, ते. त्यांच्याकडे डेअर, डी, डास. मुलीला ते 'डास मेडशेन' म्हणतात, नपुंसकलिंगी. त्यात नवल काय? आपणही 'ते लेकरू' म्हणतोच की. पण लिंग दरवेळी जुळत नाही. आपला सूर्य तो, त्यांची 'झोने' ती. म्हणून नाम पाठ करताना डेअर-डी-डाससकटच कर. आणि 'त्साइट' (म्हणजे वेळ) याचा पहिला उच्चार म्हणजे 'चमचा'मधला च, 'चहा'मधला नव्हे.

'वाइल' (म्हणजे 'कारण') आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, ते तर आपल्या अंगवळणीच आहे. आपला घात होतो साध्या वाक्यात. 'उद्या मी नागपूरला जाते' याचं होतं 'मॉर्गन फारे इश नाख नागपूर'. क्रियापद दुसऱ्या जागी, 'मी' त्याच्या मागे. अशी दहा वाक्यं रोज उलथून लिही, म्हशीला पाणी पाजताना तोंडाने म्हण.

ग्योथे या जर्मन संस्थेच्या या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग. प्रत्येकात 100 पैकी 60 हवेत. एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. मी श्रवणात आपटलो होतो. घरी सगळा सराव इयरफोनवर, आणि तिथे आवाज खोलीभर घुमत होता. एक शब्द अडला, मी त्यालाच धरून बसलो, तोवर पुढचे दोन प्रश्न निघून गेले. श्रवणाचा दुसरा आणि तिसरा भाग एकदाच ऐकवतात, हे पक्कं लक्षात ठेव. सुटलं ते सुटलं. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संथ बातम्या रेंज असेल तेव्हा उतरवून घे आणि पिठाच्या गिरणीशेजारी बसून फोनच्या स्पीकरवर ऐक.

लेखनाला 60 मिनिटं, मजकूर तीन: दोन साधारण 80 शब्दांचे, एक 40 चा. तो छोटा औपचारिक असतो, तिथे 'झी', म्हणजे आपलं तुम्ही. मैत्रिणीला 'डू'. आपण मायला तू म्हणणारी माणसं, घाईत साहेबालाही 'डू' करून बसतो.

संभाषणात जोडीदाराबरोबर एखादा बेत ठरवायचा असतो. त्याचं ऐकून नुसती मान डोलावू नकोस, 'नको, शनिवारी जमणार नाही' असं काहीतरी अडव.

पुण्याचं केंद्र मिळालं तर महाराष्ट्र एक्स्प्रेसने एक दिवस आधीच पोच. पासपोर्ट पिशवीत नको, अंगावर ठेव.

रविवारी संध्याकाळी फोन कर. पहिली पाच मिनिटं मी मराठी ऐकणार नाही.

तुझे सर