मोरचुदी : साडीचा रंग की बागेचं औषध?

प्रश्न : ताई, पुतण्याच्या लग्नासाठी सांगलीत साड्या बघत होतो. दुकानदाराने एक निळसर-हिरवी साडी उलगडली आणि म्हणाला, "ही मोरचुदी बघा." सासूबाईंना हसूच फुटलं, कारण आमच्या द्राक्षबागेत मोरचूद पोत्यांनी येतं. हा रंग औषधावरून आला की मोरावरून? आणि मोरपंखी म्हणजे हाच का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : सासूबाई हसल्या ते बरोबरच. रंगाचं नाव औषधावरून आलं. पण औषधाचं नाव पडलं मोरावरून, तेव्हा दुकानदारही खोटा नाही.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार. संस्कृतात तुत्थ, हिंदीतल्या 'नीला थोथा'मधला थोथा तो हाच. अमरकोशात त्याच्या नावांमध्ये 'शिखिग्रीव' दिलंय, म्हणजे मोराची मान. पिसारा नव्हे, मान! जुन्या लोकांची नजर बघा. मान गर्द निळी, पिसाऱ्यात हिरवा आणि सोनेरी जास्त. म्हणून निळ्याकडे झुकतो तो मोरचुदी, हिरव्याकडे झुकतो तो मोरपंखी, असं मी धरते. पेठेत हे कुणी पाळत नाही, एकच साडी दोन दुकानांत दोन नावांनी मिळते.

तुमच्याकडे तर हा रंग बदलताना रोज दिसत असेल. बागेवर फवारायचं मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. खडा काचेसारखा निळा, चुन्याचं पाणी मिसळलं की आकाशी, आणि फवारणाऱ्याचा सदरा हंगामभर तसाच. त्यात विळ्याचं पातं बुडवून बघतात ना? पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तो थर म्हणजे निळ्यात लपलेलं तांबं.

या मिश्रणाला 'बोर्डो' म्हणतात ते फ्रान्सच्या बोर्डो भागावरून. तिथले बागायतदार येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना चुना-मोरचूद फासत. त्या वेलींवर केवडा (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) पडत नाही, हे मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाने हेरलं आणि १८८५ मध्ये उपाय जाहीर केला. चोरांचे उपकारच म्हणायचे.

साडी मात्र दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका, दारात उन्हाला धरून बघा. काठ डाळिंबी असेल तर खुशाल मोरचुदी घ्या. मोरपंखी काय, लग्नात दहाजणी नेसून येतील.