‘व्हेन ही विल कम’ का चालत नाही?

प्रश्न असा आहे: ‘तो येईल तेव्हा मी त्याला सांगेन’ याचं इंग्रजी ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ असं केलं, तर पहिला ‘विल’ का खोडला जातो? येणं आणि सांगणं, दोन्ही पुढेच घडणार आहे ना?

आहेच. पण इंग्रजीत भविष्यकाळ मुख्य वाक्यात एकदा सांगितला की पुरतो. व्हेन, बिफोर, आफ्टर, अनटिल, ॲज सून ॲज यांनी सुरू होणारं गौणवाक्य फक्त वेळ ठरवून देतं, म्हणून तिथे साधा वर्तमानकाळ येतो: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. हा संकेत आहे, तर्काचा नियम नव्हे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘व्हेन ही शॅल अपिअर’ अशी रचना सापडते. आज तशी कुणी करत नाही.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. आपण तर त्याच जागी चक्क भूतकाळ वापरतो! ‘पाऊस थांबला की निघू.’ बाहेर धो धो कोसळतोय, तरी ‘थांबला’. लक्ष काळाकडे नसून क्रिया पुरी होण्याकडे आहे. इंग्रजीलाही हे दाखवायचं असलं की ती पूर्ण वर्तमानकाळ घेते. ‘जेवण झालं की फोन करतो’ याला ‘आय विल कॉल यू आफ्टर आय हॅव ईटन’ हे मला अगदी नेमकं वाटतं.

मात्र ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ हे वाक्य बिनचूक आहे. इथला ‘व्हेन’ प्रश्नाचा आहे: तो कधी येईल, ठाऊक नाही. म्हणून वाक्य आधी मराठीत म्हणून पाहावं. ‘कधी’ आलं तर ‘विल’ चालेल. ‘तेव्हा’ किंवा ‘की’ आलं तर नको. मराठी माणसाला याहून सोपी कसोटी मिळणार नाही.

खरा घोळ ‘अनटिल’पाशी होतो, आणि तो काळाचा नसतोच. ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ हे मनात धरून ‘वेट अनटिल ही डज नॉट कम’ असं लिहिलं जातं. पण त्याचा अर्थ होतो, तो न येईपर्यंत थांब! मनातलं वाक्य ‘तो येईपर्यंत थांब’ असं करून घ्या. ‘नाही’ आपोआप गळतो आणि ‘वेट अनटिल ही कम्स’ सहज सुचतं.