खाली अ‍ॅक्रिलिक, वर तैलरंग : वन्यप्राण्यांच्या चित्रांविषयी वाचकांचे प्रश्न

अ‍ॅक्रिलिक आणि तैलरंग एकत्र वापरून वन्यप्राण्यांची वास्तवदर्शी चित्रे काढणाऱ्या वाचकांच्या काही निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी दिली आहेत. बहुतेक पत्रांत बिबट्याचा उल्लेख असल्याने उदाहरणेही मुख्यतः त्याचीच घेतली आहेत.

प्रश्न : मी बिबट्याचे मोठे चित्र काढायला घेतले आहे. एकाच चित्रात अ‍ॅक्रिलिक आणि तैलरंग वापरले तर रंग सुटतो, असे काही जण सांगतात, तर काही होत नाही असेही सांगणारे भेटतात. यातले खरे काय? आणि दोन्ही वापरायचे झाल्यास कोणते काम कोणत्या रंगाकडे द्यावे?

उत्तर : दोन्ही म्हणणी अर्धी खरी आहेत, कारण रंग टिकतो की सुटतो हे कोणता रंग कोणावर चढवला आहे यावर ठरते. अ‍ॅक्रिलिकमधले पाणी उडून गेले की त्यातले सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि काही मिनिटांत रंग हाताला कोरडा लागतो. तैलरंगातले तेल मात्र उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेत सावकाश घट्ट होते आणि ही क्रिया वरून रंग वाळलेला दिसला तरी आत कित्येक महिने चालू राहते. म्हणून पूर्ण वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग निर्धास्तपणे चढवावा, पण तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीही चढवू नये, कारण तेलकट पृष्ठभागावर त्याला पकड मिळत नाही आणि आज ना उद्या तो पापुद्र्याने निघतो.

तरीही काही पथ्ये पाळावी लागतात. अ‍ॅक्रिलिक जेसो (रंगकामाआधी फळीवर किंवा कॅनव्हासवर द्यायचे पांढरे अस्तर) लावल्यावर तैलरंगाला हात घालण्यापूर्वी तीन दिवस जाऊ द्यावेत. अ‍ॅक्रिलिकचा थर पातळ आणि मॅट असावा. चकचकीत, गुळगुळीत थरावर तेल नीट धरत नाही, तेव्हा तसा भाग बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून घ्यावा. वाळलेले अ‍ॅक्रिलिक लवचीक राहते, तर तैलरंगाचा थर वर्षे जातील तसा ताठर होत जातो. ताणलेला कॅनव्हास हवामानाप्रमाणे सैल-घट्ट होतो आणि त्या हालचालीत वरचा ताठर थर तडकण्याची भीती असते. म्हणून अशा मिश्र चित्रासाठी लाकडी फळी किंवा फळीवर चिकटवलेला कॅनव्हास मला अधिक भरवशाचा वाटतो. पांढऱ्या रंगाची निवडही जपून करावी. तेलातला झिंक व्हाइट कालांतराने ठिसूळ होतो आणि अ‍ॅक्रिलिक जेसोवरच्या चित्रांत तो खालच्या थरापासून सुटल्याची उदाहरणे संवर्धनतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. ट्यूबवर काहीही नाव असले तरी तिच्या मागे छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा : ‘पीडब्ल्यू ६’ म्हणजे टायटॅनियम आणि ‘पीडब्ल्यू ४’ म्हणजे झिंक. जवसाच्या तेलातील चित्रे सुमारे सहाशे वर्षे टिकलेली आपण पाहतो. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक मात्र १९५० च्या दशकाच्या मध्याला बाजारात आले. या जोडीचा अनुभव जेमतेम सत्तर वर्षांचा आहे, म्हणून ही पथ्ये किरकोळ मानू नयेत.

कामाच्या वाटणीबद्दल माझे मत ठाम आहे. जे एकदा ठरवायचे आणि पुन्हा हलवायचे नाही, ते अ‍ॅक्रिलिकमध्ये करावे : रेखाटन, शरीराचा आकार दाखवणारा छायाप्रकाश, ठिपक्यांच्या जागा आणि पार्श्वभूमीचा मोठा भाग. जे मऊ करायचे, एकमेकांत विरघळवायचे आणि दुसऱ्या दिवशीही ओले असताना हाताळायचे, ते तैलरंगात करावे : डोळ्यांच्या कडा, कातडीचा पोत, पोटाखालची सावली, देहाची बाह्यरेषा. केवळ लवकर वाळतो म्हणून अ‍ॅक्रिलिक घेतले आणि केवळ भारदस्त दिसतो म्हणून तैलरंग घेतला, तर दोन्ही माध्यमांचे दोषच चित्रात उतरतात. रंग जुळवताना एवढे ध्यानात ठेवावे की ओल्या अ‍ॅक्रिलिकमधला दुधी चिकटद्रव वाळल्यावर पारदर्शक होतो आणि त्यामुळे छटा थोडी गडद होते. तेव्हा खालचा थर अपेक्षेपेक्षा जरा उजळच ठेवावा.

प्रश्न : मी एकेक केस अत्यंत बारीक ब्रशने काढतो. तासन्‌तास खपूनही बिबट्याची कातडी तारांच्या जाळीसारखी दिसते. ब्रश बदलावा का?

उत्तर : ब्रश बदलून फरक पडणार नाही. केसांखाली शरीर नाही, ही आपली खरी अडचण आहे. आपल्याला जनावर दिसते ते आधी खांदा, बरगड्या, मांडी अशा मोठ्या आकारांनी, आणि केस त्या आकारांवरून वळत गेलेले असतात. इंग्लिश चित्रकार जॉर्ज स्टब्ज (१७२४–१८०६) यांनी मेलेल्या घोड्यांचे विच्छेदन करून स्नायूंचा एकेक थर रेखाटला होता, आणि त्यांच्या घोड्यांच्या तुळतुळीत कातडीखाली हाडामांसाचा भार जाणवतो तो त्यामुळे. प्रत्येकाने विच्छेदन करावे असे नाही, पण बिबट्याच्या सांगाड्याची आणि स्नायूंची चित्रे समोर ठेवून एक-दोन रेखाटने केल्याशिवाय कातडीकडे वळू नये.

त्यानंतर अ‍ॅक्रिलिकमध्ये एकही केस न काढता, रुंद ब्रशने, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढरा एवढ्याच रंगांत संपूर्ण देहाचा छायाप्रकाश बसवावा. दहा पावले मागे जाऊन पाहिल्यावर या टप्प्यातच बिबट्या वजनदार वाटला पाहिजे. तो तसा वाटत नसेल तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात, आणि दुरुस्तीची संधी नेमकी इथेच असते, कारण इथे चूक झाकायला नवा थर तासाभरात देता येतो.

आता ठिपके. बिबट्याच्या डोक्यावर, पायांवर आणि पोटावर भरीव ठिपके असतात, तर पाठीवर आणि कुशीवर तुटक कड्यांसारखे ठिपक्यांचे पुंजके असतात, ज्यांचा आतला भाग भोवतालच्या कातडीपेक्षा किंचित गडद असतो. त्या कड्याच्या आत आणखी टिंबे काढली की प्राणी जग्वारकडे झुकू लागतो. शरीर जिथे आपल्यापासून वळते तिथे हे ठिपके अरुंद होतात आणि जवळजवळ येतात. सगळीकडे सारखे गोल ठिपके काढले की कुशीची गोलाई सपाट होते, मग छायाप्रकाश कितीही चांगला असो.

एक ठिपका अगदी जवळून पाहू या. केस डोक्याकडून शेपटीकडे कलतात. त्यामुळे ठिपक्याच्या डोक्याकडच्या कडेवर पिवळ्या केसांची टोके काळ्यावर आलेली असतात, आणि शेपटीकडच्या कडेवर काळ्या केसांची टोके पिवळ्यावर गेलेली असतात. म्हणजे एकाच ठिपक्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या रीतीने तुटलेल्या असतात. तैलरंगात आधी पिवळा आणि काळा शेजारी शेजारी ओले लावावेत, मग स्वच्छ, कोरड्या चपट्या ब्रशने केसांच्या दिशेने एकदाच, हलक्या हाताने ओढावे. दोन्ही कडा आपोआप बऱ्याच अंशी तशा होतात. नंतर जिथे प्रकाश थेट पडतो तेवढ्याच ठिकाणी मोजके केस बारीक ब्रशने सुटे काढावेत. सावलीत केस काढूच नयेत. ट्यूबमधला निव्वळ काळा रंगही टाळावा, कारण उन्हातला काळा केस आभाळाचा निळसरपणा घेतो. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन ब्लू मिसळून होणारा काळा हवा तसा उबदार किंवा थंड करता येतो आणि अंबरमधल्या मँगनीजमुळे लवकर वाळतोही.

देहाच्या बाह्यरेषेबाबत या मिश्र पद्धतीत हमखास एक अडचण येते. मागची झाडी अ‍ॅक्रिलिकमध्ये वाळून बसलेली असते, आणि तिच्यावर बिबट्याची ओली कड टेकली की ती कापून चिकटवल्यासारखी दिसते. यावर उपाय असा की बाह्यरेषेलगत पार्श्वभूमीच्याच छटेचा तैलरंग दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यात अगदी पातळ लावून घ्यावा आणि तो ओला असतानाच पाठीचे व पोटाचे केस त्यात ओढावेत. सगळी बाह्यरेषा सारखी स्पष्ट असू नये. काही जागी ती हरवू द्यावी. स्वीडिश चित्रकार ब्रुनो लिलयेफोर्स (१८६०–१९३९) यांच्या चित्रांत पक्षी आणि ससे परिसरात इतके मिसळलेले असतात की नजरेला ते शोधावे लागतात, आणि रानातले जनावर असेच तर दिसते.

प्रश्न : डोळे काढताना चमक दिली तरी ते काचेचे वाटतात. शिवाय बाहुली उभी काढावी की गोल?

उत्तर : बिबट्या, वाघ, सिंह यांची बाहुली गोल असते, उभ्या फटीची बाहुली घरातल्या मांजराची आणि कोल्ह्याची. हरणाची बाहुली आडवी असते. प्राणी बदलला की आधी एवढे तपासून घ्यावे.

डोळा काचेचा वाटतो याचे कारण बहुधा पापणी हे असते. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडते, आणि ती दाखवली नाही तर बुबुळ खोबणीत न बसता पुढे आल्यासारखे दिसते. बुबुळावर खालचा, पिवळट सोनेरी किंवा हिरवट थर अ‍ॅक्रिलिकमध्ये पुरेसा उजळ द्यावा आणि तो वाळल्यावर वरच्या भागात बर्न्ट अंबरचा पारदर्शक तैलरंगी ग्लेझ (अगदी पातळ थर) बोटाने किंवा मऊ ब्रशने खाली विरवत आणावा. चमकीचा बिंदू वर डावीकडे असेल तर बुबुळाचा खालचा उजवा भाग सर्वांत उजळ ठेवावा, कारण प्रकाश डोळ्याच्या पारदर्शक पुढच्या भागातून आत शिरून तिकडे पसरतो. चमकीचा बिंदू हे आभाळाचे प्रतिबिंब असते, तेव्हा तो किंचित निळसर असावा, बाहुलीच्या मधोमध नसावा, आणि दोन्ही डोळ्यांत प्रकाशाच्या एकाच दिशेला असावा. डोळ्याभोवतीची काळी कड, नाकाकडे उतरणारा तिचा आतला कोपरा आणि खालच्या पापणीखालचा फिकट पट्टा यांकडे बुबुळाइतकेच लक्ष द्यावे. नजरेतला धाक बराचसा तिथून येतो.

प्रश्न : एकाच छायाचित्रावरून काम केले तर चालते का?

उत्तर : चालते, पण चित्र छायाचित्राच्या चुकांसह उतरते. जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाक प्रमाणाबाहेर मोठे आणि कान लहान दिसतात, गडद सावल्यांतला तपशील नाहीसा होतो आणि उजेडातले पांढरे भाग कोरे पडतात. त्याच प्रजातीची निरनिराळ्या कोनांतली अनेक छायाचित्रे ठेवावीत आणि शक्य तिथे जिवंत प्राणी पाहून चालीची झटपट रेखाटने करावीत. दुसऱ्याच्या छायाचित्रावरून चित्र करून ते प्रदर्शनात मांडायचे किंवा विकायचे असेल, तर छायाचित्रकाराची परवानगी आधी घेतलीच पाहिजे.

प्रश्न : वाळल्यावर तैलरंगाचे काही गडद भाग फिके आणि मेलेले दिसू लागले. रंग खराब होता का?

उत्तर : रंगात दोष नाही. खालचा जेसो किंवा अ‍ॅक्रिलिकचा थर जास्त शोषक असला की वरच्या रंगातले तेल तो ओढून घेतो आणि गडद छटा पांढुरकी पडते. ज्या भागावर पुन्हा काम करायचे आहे, त्यावर तो हाताला पूर्ण कोरडा लागल्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा आणि सुती कापडाने जास्तीचे तेल टिपून घ्यावे. रंगाची खोली लगेच परत दिसते आणि नव्या छटा जुळवणे सोपे जाते. ज्या भागाचे काम संपले आहे त्याला तेल लावू नये, कारण जास्तीचे तेल पुढे पिवळे पडते; तिथली चमक व्हार्निशने सारखी होईल. पुढच्या चित्रात अ‍ॅक्रिलिकचे काम संपताच पारदर्शक मॅट अ‍ॅक्रिलिक माध्यमाचा एक पातळ थर द्यावा. तेलात भिजलेली कापडे चुरगळून टाकून ठेवू नयेत : जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. ती पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत.

प्रश्न : मिश्या अगदी शेवटी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकने काढल्या तर रेषा सुबक येते. एवढ्याने काय बिघडेल?

उत्तर : त्या सुटतील. मिश्याही तैलरंगातच काढाव्यात. खालचा थर वाळू द्यावा, रंगात थोडे तेल मिसळून तो प्रवाही करावा आणि लांब केसांच्या रिगर ब्रशने मुळापासून टोकाकडे एका दमात रेषा ओढून शेवटी हात उचलावा. मिश्या ओठावरच्या काळसर टिंबांच्या ओळींतून निघतात, म्हणून आधी त्या ओळी बसवाव्यात. गडद पार्श्वभूमीवर मिशी उजळ दिसते, तर उजळ पार्श्वभूमीवर तीच मिशी करडी दिसते. सगळीकडे पांढरी रेषा ओढली तर ती चित्रावर नंतर चिकटवल्यासारखी वाटते.

प्रश्न : व्हार्निश कधी लावावे? चित्रात काही भाग नुसते अ‍ॅक्रिलिक आहे.

उत्तर : तैलरंगाचे थर पातळ असतील तर सहा महिने आणि जाड असतील तर किमान वर्षभर थांबावे, तोवर चित्र धुळीपासून जपावे, पण बंद अंधाऱ्या कपाटात ठेवू नये, कारण अंधारात तेल अधिक पिवळे पडते. पुढेमागे व्हार्निश बदलायची वेळ आली तर ते काढणारा द्रावक उघड्या अ‍ॅक्रिलिकला मऊ करू शकतो. वर सांगितलेला पारदर्शक मॅट थर पार्श्वभूमीवर आधीच दिलेला असेल तर तिचे रक्षण होते. तैलरंगाचे काम झाल्यावर मात्र तो देता येत नाही. म्हणून कोणता भाग अ‍ॅक्रिलिकचा, कोणता तैलरंगाचा आणि कोणते व्हार्निश कोणत्या तारखेला लावले, हे चित्राच्या मागच्या बाजूला स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे. व्हार्निश लावण्यापूर्वी टर्पेंटाइनमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा चित्राच्या कोपऱ्यातल्या तैलरंगावर हलकेच फिरवावा, आणि बोळ्यावर रंग आला तर आणखी काही महिने थांबावे.