दुसरा गाल आणि पोलिसांतली तक्रार

प्रश्न : आमच्या वस्तीत नळाला काही दिवसांआड पाणी येते. पाळीवरून झालेल्या भांडणात शेजाऱ्याने माझ्या धाकट्या मुलाला मारहाण केली. आमच्या चर्चच्या मंडळीतले तरुण बदला घ्यायला निघाले. एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसराही गाल करा, या येशूच्या आज्ञेची मी त्यांना आठवण दिली, तर त्यांनी मला भित्रा ठरवले. पोलिसांत तक्रार करणेही प्रभूच्या आज्ञेविरुद्ध आहे काय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण तरुणांना थांबवलेत, हे योग्यच केलेत. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायातील ती आज्ञा ज्याच्या त्याच्या स्वतःच्या गालाविषयी आहे. मुलाचा गाल पुढे करण्याचा अधिकार बापालाही नाही. शिवाय ही आज्ञा देणाऱ्या येशूलाच महायाजकासमोर एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा तो मुकाट राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस, असे त्याने विचारले (योहान 18). त्याने हात उगारला नाही आणि अन्यायाला न्यायही म्हटले नाही. फिलिप्पै शहरात चौकशीवाचून फटके खाल्लेल्या प्रेषित पौलाला अधिकारी गुपचूप सोडून देऊ पाहत होते, तेव्हा आपण रोमी नागरिक आहोत हे सांगून त्याने त्यांना स्वतः यायला लावले (प्रेषितांची कृत्ये 16). म्हणून तक्रार अवश्य नोंदवा. फक्त घडले तेवढेच लिहा, रागापायी एक शब्दही वाढवू नका.

तरुणांच्या आक्षेपाचे उत्तर मात्र उपदेशाने होणार नाही. 30 जानेवारी 1956 रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी अहिंसेने लढणारे पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला, तेव्हा पत्नी व तान्ही मुलगी घरात होती. बाहेर संतप्त जमाव जमला, काहींच्या हाती शस्त्रे होती. किंग यांनी ओसरीवर उभे राहून सर्वांना शांतपणे घरी जायला सांगितले. तरीही बसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळे बसवण्याच्या विरोधात त्यांनी बसवर घातलेला बहिष्कार मागे घेतला गेला नाही. तो 381 दिवस चालला, सोबत न्यायालयात दावाही लढवला गेला, आणि दावा जिंकल्यावर लोकांनी चर्चमध्ये खुर्च्या बसप्रमाणे मांडून, कोणी अपमान केला किंवा मारले तर कसे वागायचे, याचा सराव केला. मला हा सराव फार महत्त्वाचा वाटतो. शिष्यत्व म्हणजे शिकणे आहे, आणि प्रार्थनेइतकीच अहिंसाही शिकावी लागते. ऐन भांडणात ती आपोआप सुचत नाही. आपल्या तरुण संघाने एखादी संध्याकाळ याला का देऊ नये?

शेजाऱ्याकडेही जा, पण एकटे नको. दोघांनाही मान्य असलेल्या वडीलधाऱ्याला सोबत न्या. शत्रू तान्हेला असेल तर त्याला प्यायला द्यावे, असे पौल रोमकरांस लिहितो (12:20), आणि आपल्या वस्तीत तर हे शब्दशः पाळता येईल. पाळीचे वेळापत्रक सर्व घरांनी मिळून लिहून काढावे, असे त्याच बैठकीत सुचवा. शेजाऱ्याने माफी मागितली नाही, तरी त्याच्या घराची पाळी कमी होऊ देऊ नका. आणि त्याने माफी मागितलीच, तर तक्रारीचे पुढे काय करायचे, हे मार खाल्लेल्या मुलाला विचारूनच ठरवा.