इगतपुरी-पेठकडील एकाच घरात भाताच्या तीन-चार जाती भेसळ न होता वर्षानुवर्षे कशा टिकतात?

जमिनीच्या उतारानुसार जाती वाटून लावणे, कापणीपूर्वी लोंब्या निवडून बियाणे वेगळे काढणे आणि सोयऱ्यांशी त्याची देवाणघेवाण करणे, या तीन सवयींमुळे त्या टिकतात. माळावरच्या उथळ जमिनीत पाऊस लवकर ओसरला तरी हाती येणारे हळवे भात, मधल्या पट्ट्यात मध्यम मुदतीचे निमगरवे आणि पाणी साचणाऱ्या खोल खाचरात उशिरा पिकणारे गरवे लावले जाते. त्यामुळे प्रत्येक जातीला स्वतःची जागा मिळते, आणि फुलोरा मागेपुढे येत असल्याने संकराची शक्यताही घटते. मुळात भात हे स्वपरागीकरण करणारे पीक असून त्यात परपरागीकरण साधारण एक टक्क्याहूनही कमी होते, म्हणून खरी भेसळ शेतात नव्हे, तर खळ्यावर होते. जाणत्या बायका खाचराच्या मधोमध उभ्या राहून एकसारख्या उंचीच्या, भरलेल्या लोंब्या खुडतात, त्या वेगळ्या झोडपतात, दाणा दाताखाली कट्‌ आवाज करून तुटेपर्यंत वाळवतात आणि मगच कणगीत भरतात. ही पारख कोणत्याही बियाणे पेढीतल्या शीतगृहाइतकीच मोलाची आहे, असे मला मनापासून वाटते. घरी साठवलेल्या बियाण्याची उगवण दोन-तीन पावसाळ्यांत घटते, त्यामुळे प्रत्येक जात दरवर्षी निदान एका वाफ्यात तरी लावावी लागते. एखाद्याचे बी बुडाले, तर सोयऱ्याकडून परत आणता येते. शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा व वाटण्याचा हा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही मान्य केला आहे. मात्र ही रीत देशी व सुधारित सरळ वाणांनाच लागू पडते. संकरित भाताचे घरचे बी पुढच्या पिढीत एकसारखे उतरत नाही.