एवढासा आरएनए, त्याचा कॅन्सरशी काय संबंध?

प्रश्न: मायक्रोआरएनएपासून प्रोटीन बनतच नाही म्हणे, मग कॅन्सरमध्ये त्याचं एवढं नाव का घेतात?

उत्तर: बरोबर, प्रोटीन बनत नाही, पण बनू न देणं हेच तर त्याचं काम! जेमतेम २२ अक्षरांचा हा तुकडा मेसेंजर आरएनएला, म्हणजे प्रोटीन बनवायचा जीनचा निरोप नेणाऱ्या आरएनएला, जाऊन चिकटतो आणि त्या जीनचा आवाज बारीक करतो. आता २००२ साली सापडलेलं उदाहरण बघा, सीएलएल नावाच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये १३व्या क्रोमोसोमचा एक तुकडा बऱ्याचदा गायबच असतो, आणि मिर-१५ नि मिर-१६ हे दोन मायक्रोआरएनए नेमके तिथेच बसलेले असतात. हे दोघं एरवी बीसीएल-२ ला दाबून ठेवतात, आणि बीसीएल-२ म्हणजे पेशीला मरू न देणारं प्रोटीन, त्यामुळे हे गेले की जी पेशी मरायला हवी ती जगतच राहते. मला तरी हे फार विलक्षण वाटतं.

मिर-२१ चं उलटं, तो बऱ्याच ट्यूमरमध्ये वाढलेला असतो आणि पीटेनसारखा, पेशींच्या वाढीवरचा ब्रेकच ढिला करतो.

औषध मात्र सोपं नाहीये, कारण एकच मायक्रोआरएनए शेकडो जीन्सना हात लावतो. मिर-३४ वर आधारलेल्या औषधाची ट्रायल २०१६ मध्ये इम्यून सिस्टिमच्या गंभीर साइड इफेक्ट्समुळे थांबवावी लागली.