पन्नाशीनंतर अभिनय: राजीनाम्याची घाई नको

सप्रेम नमस्कार.

मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशाविषयी विचारताना आपण पत्राच्या शेवटी स्वतःविषयीही लिहिले आहे. वय ५१, सांगलीत बँकेत अधिकारी, महाविद्यालयात एकांकिका केलेल्या आणि आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन मुंबईत पूर्णवेळ अभिनय करण्याचा विचार. मुलाचे उत्तर स्वतंत्रपणे पाठवतो. आपला प्रश्न मला अधिक अवघड वाटला.

आपण डॉ. श्रीराम लागूंचा दाखला दिला आहे. त्यांनी १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सकाचा व्यवसाय सोडला हे खरे. परंतु त्याआधी कित्येक वर्षे ते पुण्यामुंबईच्या हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीवर सातत्याने कामे करीत होते, हे हा दाखला देणारे बहुधा विसरतात. अमरीश पुरी यांनीही कर्मचारी राज्य विमा महामंडळातील नोकरी सांभाळत दीर्घकाळ नाटके केली. दोघांचाही अभिनयाचा व्यवसाय उशिरा सुरू झाला, अभिनय नव्हे. आपल्याकडे मात्र मध्ये तीस वर्षांचा खंड आहे, आणि तो मुंबईत जाऊन नव्हे, सांगलीतच भरून काढणे शहाणपणाचे ठरेल.

म्हणून तूर्त नोकरी सोडू नये. गावातील एखाद्या हौशी संस्थेत जावे, पहिल्या वर्षी मिळेल ती भूमिका, प्रसंगी प्रकाशयोजनेची किंवा नेपथ्याची जबाबदारीसुद्धा, स्वीकारावी आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीपर्यंत पोहोचावे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाची वयोमर्यादा आपण केव्हाच ओलांडली आहे. अल्पमुदतीच्या कार्यशाळा मात्र खुल्या असतात. कोल्हापूर-साताऱ्याकडे मालिकांचे चित्रीकरण होते, तेथे रजेच्या दिवशी एखाददुसऱ्या दिवसाचे काम मिळू शकते.

वडील, सरपंच, वकील अशा भूमिकांसाठी आपल्या वयाचे चेहरे लागतात, ही जमेची बाजू. पण छोट्या भूमिकेचे मानधन दिवसावर ठरते, महिन्यात किती दिवस बोलावणे येईल याची खात्री नसते आणि पैसे हाती पडायला अनेकदा तीन-तीन महिने लागतात. मुलाच्या शुल्काचे हप्ते तेवढे थांबणार नाहीत. भूमिका देण्यासाठी कोणी नोंदणी शुल्क मागितले, तर तेथून सरळ परत फिरावे.

आणखी एक गोष्ट आपणास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल: बँक अधिकाऱ्याला बाहेरचे मानधन स्वीकारण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. तो अर्ज पहिल्या ऑडिशनच्या आधीच करून ठेवावा.